बत्तीस टक्के

आमच्या गावात कुणाचं हाड मोडलं की आधी ॲम्ब्युलन्स येते, मग नातेवाईक, मग शहाळी, आणि प्लॅस्टर ओलं आहे तोवर अण्णा. अण्णा शहाळं आणत नाहीत. त्यांच्या हातात नायलॉनची पिशवी असते आणि तिच्यात एक कोरी फाईल, पंचिंग मशीन, टाचण्या आणि स्वतःच्या खटल्याची झेरॉक्स. कॉटला अडकवलेला केसपेपर ते चष्मा वर सरकवून वाचतात, मान डोलावतात आणि मग पहिल्यांदा पेशंटच्या तोंडाकडं बघतात.

"वय काय?"

"पंचवीस," पेशंट कण्हत सांगतो.

"पुरं का चालू?"

पुरं झालेलं आहे, सव्विसाव्याला अजून चार महिने आहेत, असं कळलं की अण्णांचा चेहरा उजळतो. "वा! म्हणजे अठरा!" ते पेशंटचा धडका हात हातात घेऊन अभिनंदन करतात. पेशंटची आई पदर तोंडाला लावून रडत असते, तिला ते समजावतात, "ताई, चार महिन्यांनी पडला असता तर सतरावर आला असता. देवानं लवकर पाडला."

हा अठराचा आकडा अण्णांच्या पदरचा नाही. सुप्रीम कोर्टानं 2009 साली सरला वर्मा खटल्यात वयागणिक गुणक ठरवून दिला. पंचवीसपर्यंत अठरा, तिशीपर्यंत सतरा, असं उतरत उतरत पासष्टीच्या पुढच्याला पाच. वर्षाचं बुडालेलं उत्पन्न गुणिले हा आकडा म्हणजे नुकसानभरपाईचा मोठा हिस्सा. बाकीच्यांना तेराचा पाढा येत नाही, अण्णांना हा पाढा उलटा येतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाची ओळख करून दिली, तर ते त्याच्या केसांकडं बघतात आणि मनातल्या मनात "अकरा... फार तर नऊ" असा हिशेब करतात.

अण्णांचं खरं नाव सातबाऱ्यावर असेल. गाव त्यांना 'बत्तीस टक्के' म्हणतं. उजव्या पायाला बत्तीस टक्के कायमचं अपंगत्व, असा डॉक्टरचा दाखला त्यांच्याकडं आहे. तोंडावर कुणी 'बत्तीस टक्के' म्हटलं तर ते चिडत नाहीत. फक्त "पायाचे" एवढी दुरुस्ती करतात.

अण्णांची पिठाची गिरणी. 2013 सालच्या डिसेंबरात, उसाचा सीझन भरात असताना, ते रात्री आठच्या सुमारास एम-एटीवरून घरी येत होते. पुणे–बंगळूर हायवेकडं जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस, रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, कडेला दगड नाही. ड्रायव्हर पंक्चरवाल्याला शोधायला गेलेला. अण्णा थेट उसात गेले. ज्याला आमच्याकडचा हंगाम माहीत आहे त्याला याहून जास्त वर्णन लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचा मालक भेटायला आला. शेजारच्या गावचा, म्हणजे लांबचा पाहुणाच. त्यानं बिस्किटाचे पुडे ठेवले, डोळे पुसले आणि म्हणाला, "अण्णा, कोर्टकचेरी नको. वीस हजार देतो, आपलं घरातलं घरात मिटवू." अण्णा विरघळले होते. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "देताय तर लिहून द्या." पाहुणा म्हणाला, पेन आणतो. तो पुढं थेट न्यायाधिकरणाच्या कागदावर 'सामनेवाले क्रमांक 1' म्हणून उगवला. क्रमांक 2 विमा कंपनी. अण्णा 'अर्जदार'. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज गेला. मागणी पंधरा लाख.

तेव्हा अर्जाला मुदतीचं बंधन नव्हतं, म्हणून अण्णांनी दोन-चार महिने निवांत काढले. आता तसं नाही. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या अटीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, असं एका शिकलेल्या पेशंटनं त्यांना ऐकवलं, तर अण्णा म्हणाले, "त्यांचं भांडण मिटंल तवा मिटंल. तुझा अर्ज आत पायजे." हे मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं कायदेशीर मत आहे. फी घेऊनही एवढं सरळ कुणी सांगत नाही.

बिलांच्या बाबतीत मात्र अण्णा कर्मठ आहेत. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर आकडा लिहून दिला की ते ती चिठ्ठी दोन बोटांत धरून परत पाठवतात. "कच्चं बिल म्हंजे गोळी खाल्लीच न्हाई." पक्कं बिल, पेशंटचं नाव, तारीख, डॉक्टरचं नाव, सही-शिक्का. रिक्षानं ड्रेसिंगला नेलं तर रिक्षावाल्याची पावती. अंडी आणि दूध पौष्टिक आहारात धरतात, तेव्हा गवळ्याचीही पावती. आमच्या गवळ्यानं आयुष्यात पहिली पावती लिहिली ती अण्णांच्या सांगण्यावरून, आणि 'पाणी वेगळे' असं तिच्यावर लिहायचं का, असं त्यानं प्रामाणिकपणे विचारलं.

बिलांहून त्यांना जास्त काळजी जबाबाची. पोलीस दवाखान्यात येऊन जबाब घेतात तेव्हा पेशंट इंजेक्शनच्या गुंगीत असतो. अण्णांनी त्या गुंगीत सांगितलं होतं, "अंधारात ट्रॉली दिसली नाही." ते वाक्य एका हवालदारानं बॉलपेननं लिहिलं, आणि दिसली नाही ती ट्रॉलीची चूक की अण्णांची, यावर पुढं पाच वर्षं दोन वकील जगले. म्हणून ते आता कॉटशी बसून सांगतात, "खोटं बोलू नको. पर खरं अर्धं बी सांगू नको. दिसली न्हाई म्हण, आन का दिसली न्हाई ते बी म्हण." नातेवाइकांना ते मोबाईल देऊन जागेवर पिटाळतात. वाहन कुठं उभं होतं, रस्ता किती रुंद, दिवा होता का, सगळ्याचे फोटो. पंचनाम्यात जे आलं नाही ते घडलंच नाही, हा त्यांचा वेदान्त.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. अपघाताचा दावा माणसाकडून एक विलक्षण काम करून घेतो. अपघाताआधी आपण किती कर्तबगार होतो हे सिद्ध करायचं आणि अपघातानंतर किती निकामी झालो हेही सिद्ध करायचं. दोन्ही एकाच तोंडानं, शपथेवर. आमच्याकडच्या पुरुषाला पहिली गोष्ट जन्मतः येते. दुसरी मेल्याशिवाय येत नाही. अण्णांची उलटतपासणी बघायला मी गेलो होतो, आणि एवढी करमणूक मला नाटकात झालेली नाही.

कोर्ट पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शिपायानं पुकारा केला तेव्हा अण्णा जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभे राहून विचार करत होते. चढून गेलो तर पाय चांगला आहे असं होईल, नाही चढलो तर गैरहजर लागेल. शेवटी पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून ते अशा बेतानं चढले की कोर्टात पोचल्याचं समाधानही मिळावं आणि बघणाऱ्याला दयाही यावी. विमा कंपनीचा वकील वरच्या कठड्याला टेकून ते सगळं शांतपणे बघत होता. किरकोळ, मवाळ, अंगावरचा काळा कोट विटलेला असा हा गृहस्थ. खाली चहाच्या टपरीवर त्यानंच अण्णांना बसायला जागा करून दिली होती.

"आपली गिरणी महिन्याला किती द्यायची?" त्यानं मायेनं विचारलं.

अण्णांची छाती फुगली. "पंचवीस हजार. दिवाळीत तीसबी."

"म्हणजे वर्षाला तीन लाख."

"वरच."

"इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता?"

अण्णांनी आपल्या वकिलाकडं बघितलं. वकील खिडकीबाहेर बघत होते. तीन लाख म्हणजे त्या काळच्या करमाफीच्या मर्यादेच्या चांगलंच वर.

"न्हाई."

"का?"

"एवढं उत्पन्न कुठं हाय, साहेब."

न्यायाधीशांनी खाली बघून बराच वेळ लिहिलं. मग मवाळ गृहस्थांनी पायाकडं मोर्चा वळवला. उभं राहता येतं का? नाही. डबा उचलता येतो का? नाही. मग गिरणी बंद आहे का? इथं कुठल्याही अर्जदारानं 'बंद आहे' म्हटलं असतं. पण मागच्या बाकावर गावातली चार माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर आपली गिरणी बंद पडली असं म्हणणं अण्णांच्या जिभेला झेपलं नाही. "बंद कशाला? धूमधडाक्यात चालू हाय!" ते गरजले. कोर्टभर हशा झाला. गिरणी काकू चालवत होत्या, पहाटे सहापासून, हे सांगायचं राहूनच गेलं. ते वकिलांनी नंतर फेरतपासणीत कसंबसं काढून घेतलं.

डॉक्टरांच्या साक्षीनं दीड वर्ष खाल्लं. ज्यानं दाखला दिला तो डॉक्टर साक्षीला आला नाही तर दाखल्याला किंमत राहत नाही, आणि कुठल्याही ऑर्थोपेडिकला ऑपरेशनं सोडून कोर्टाच्या बाकावर बसायला आवडत नाही. डॉक्टर आले ते अखेर संध्याकाळी, आणि एका प्रश्नात अण्णांचा पाय सोलून गेले. बत्तीस टक्के म्हणजे पायाचे की सगळ्या शरीराचे? पायाचे. मग शरीराचे किती? साधारण निम्मे. अण्णा बाकावरून कळवळून म्हणाले, "आवो पण पाय माझ्याच शरीराला हाय!" त्यांना गप्प बसवण्यात आलं.

खरं तर कायदा इथं अण्णांच्या बाजूनं होता, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. 2010 सालच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की डॉक्टरांचे टक्के वेगळे आणि कमाई बुडण्याचे टक्के वेगळे. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जगणंच बसतं. कारकुनाची नोकरी शाबूत राहू शकते. म्हणून न्यायाधिकरणानं बघायचं ते हाड किती वाकतं हे नव्हे, त्या माणसाला आपला धंदा करता येतो की नाही हे. गिरणीवाल्याला दिवसभर उभं राहून डबे चढवावे लागतात, हे धरून न्यायाधीशांनी अण्णांच्या कमाईचं नुकसान वीस टक्के मानलं. सोळाचे वीस झाले. अण्णा मात्र आजतागायत बत्तीसातले बारा कुठं गेले म्हणून विचारतात.

मधे लोकअदालत येऊन गेली. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते, विमा कंपन्यांचे अधिकारी तिथं तडजोडीचा आकडा घेऊन बसतात, मिटलं तर त्यावर अपील नाही आणि पैसे लवकर. कंपनीनं अण्णांना दोन लाख तीस हजार देऊ केले. काकू म्हणाल्या घ्या. वकील म्हणाले विचार करा. अण्णा म्हणाले, "माझा पाय काय बाजारातली मेथी हाय, घासाघीस करायला?" आणि उठले. उठताना ते जरा चपळाईनं उठले, असं कंपनीच्या अधिकाऱ्यानं आपल्या वहीत लिहून घेतल्याचं मी पाहिलं.

तारखांबद्दल लिहीत नाही. साहेब रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात, समन्स बजावलं गेलं नाही. सामनेवाले क्रमांक 1 'घरी मिळून आले नाहीत' असा शेरा ज्या दिवशी आला, त्या दिवशी ते आणि अण्णा एकाच टपरीवर चहा पीत होते, आणि बिल सामनेवाल्यांनी दिलं. कंपनीनं हाही मुद्दा काढला की ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी आहे, भाड्यानं ऊस वाहायला नाही, आणि ट्रॉल्यांचा विमा वेगळा पाहिजे होता. त्यावर 'आधी अर्जदाराला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा हुकूम झाला. तेव्हापासून पाहुणा बिल देत नाही.

निकाल 2019 साली लागला. अण्णांना तो तोंडपाठ आहे आणि तो ते आरतीच्या चालीत म्हणतात, त्यामुळे मलाही पाठ झाला आहे. पुरावा नाही म्हणून महिन्याचं उत्पन्न धरलं आठ हजार, वर्षाचे शहाण्णव हजार. धंदा पुढं वाढला असता म्हणून त्यात पंचवीस टक्के भर, झाले एक लाख वीस हजार. ही भर सुप्रीम कोर्टाच्या 2017 सालच्या प्रणय सेठी निकालातली, चाळीस ते पन्नास वयाच्या स्वतंत्र धंदेवाल्यासाठी. त्याचे वीस टक्के चोवीस हजार. अपघाताच्या वेळी वय चव्वेचाळीस, म्हणून गुणिले चौदा. तीन लाख छत्तीस हजार. औषधपाणी एक लाख दहा हजार. आहार आणि येणं-जाणं बारा हजार. वेदना वगैरे तीस हजार. शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे बारा हजार. बरोब्बर पाच लाख.

आणि मग ते बॉलपेननं लिहिलेलं वाक्य. ट्रॉली बेकायदा उभी होती हे खरं, पण अर्जदारानंही वेग आवरायला हवा होता, सबब अर्जदाराची चूक तीस टक्के. पाच लाखांतून दीड लाख वजा. साडेतीन लाख, आणि अर्जाच्या तारखेपासून साडेसात टक्के दरानं व्याज, जे पाच वर्षांचं सव्वा लाखाच्या वर गेलं. त्यातली निम्मी रक्कम बँकेत मुदत ठेव. कोर्टाचा अनुभव असा की हाती आलेला पैसा जखमी माणसाकडं राहत नाही, त्याच्या भावकीकडं जातो. अण्णांच्या भावकीनं या हुकमाला मनातून फार नावं ठेवली.

निकालानंतर अण्णांनी गिरणीकडं परत जावं, अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण माणसाला एकदा आपला विषय सापडला की सापडला. हायवे आहे, ऊस आहे, मोबाईलवर बोलत गाडी चालवणारी पोरं आहेत, विषयाला मरण नाही. एखाद्याला उडवून गाडी पळून गेली असेल तर अण्णा हळहळतात. गाडी सापडली नाही तर 2022 च्या योजनेप्रमाणं गंभीर दुखापतीला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख, प्रांत किंवा तहसीलदाराकडं अर्ज करून. "नंबर बघायचा रे पडताना," ते पेशंटला रागावतात.

दवाखान्याच्या दारात दुसरीही मंडळी असतात. ती 'अमुक टक्के आमचे' म्हणून कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतात. खटल्याच्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला मनाई आहे, आणि मध्यस्थाचा तर प्रश्नच नाही, पण प्लॅस्टरमधल्या माणसाला नियम कोण वाचून दाखवणार. अण्णा दाखवतात, वॉर्डात मोठ्यानं. त्यापायी त्यांना दोनदा धक्काबुक्की झाली आहे. दुसऱ्या वेळी त्यांनी पडल्या पडल्या आधी वेळ बघितली आणि मग साक्षीदार कोण कोण आहेत ते मोजलं. ते स्वतः कुणाकडून पैसा घेत नाहीत. चहा घेतात. बरोबर वडा आला तर नाही म्हणत नाहीत. वकील ते सुचवतात तोही असा, की जो तारखेला हजर असतो. बाकी हुशारी दुय्यम, असं त्यांचं मत.

त्यांचा खरा दोष एकच. पेशंट बरा व्हायला लागला की त्यांचा उत्साह ओसरतो. फिजिओथेरपीनं एखाद्याचा गुडघा नव्वद अंशांत वाकला की घरचे पेढे वाटतात आणि अण्णा पेढा हातात धरून विचारात पडतात. "वाकव, वाकव," ते म्हणतात, "चांगलंच हाय. दाखला काढून झालाय न्हवं?"

काकू त्यांच्या या सगळ्या व्यापात पडत नाहीत. गिरणी अजून त्याच चालवतात. गेल्या महिन्यात मी दळण आणायला गेलो तेव्हा अण्णा एका नव्या पेशंटच्या वडिलांना ओट्यावर बसवून निकालाची ओवी म्हणत होते. 'शुश्रूषा करणाऱ्या माणसाचे बारा हजार' इथवर आले आणि काकूंनी पट्टा थांबवला.

"ती शुश्रूषा कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"तू केलीस. सहा म्हैने रोज दोनशेप्रमाणं मागितली हुती आपण. कोर्टानं साठ दिवस धरले. मान्य केलं न्हवं कोर्टानं."

"मग बारा हजार माझे."

"तुझेच. आठ हजार चारशे. तीस टक्के वजा हुत्यात."

"ते कशाबद्दल?"

"चूक धरली न्हवं, अंधारात ट्रॉली दिसली न्हाई म्हणून."

"अहो, ट्रॉली तुम्हाला दिसली नाही," काकू पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "माझे छत्तीसशे का कापले?"

पेशंटच्या वडिलांनी आशेनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पिशवीतून निकालाची झेरॉक्स काढली, चष्मा वर सरकवला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. परवा ते वकिलांकडं जाऊन आले. वकील म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे, पण अपिलाची मुदत गेली.